सागरगडाच्या सोंडेला रेलिंग नको

अलिबाग म्हटले की किनारा, कुलाबा किल्ला आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आठवतात. डोंगर कुणाला आठवत नाहीत. आठवले तरी उंचीचा आकडा पाहून ते हसण्यावारी नेले जातात. सागरगड साधारण 1350 फुटांचा, म्हणजे 1646 मीटरच्या कळसूबाईपुढे टेकाडच. पण उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि दमछाक पायथ्यापासून सुरू होते. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गावच मुळात बऱ्याच उंचीवर वसलेले आहे. अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळे गावातून सागरगडाकडे निघणाऱ्याला अशी सवलत नाही. आकड्यातला जवळजवळ प्रत्येक फूट त्याला पायांनी फेडावा लागतो.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला: दर तीन मैलांना एक तास आणि दर 2000 फूट चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने सागरगडाच्या चढाची जादा चाळीस मिनिटे होतात. स्कॉटलंडच्या थंड हवेत हे गणित जमत असेल, कोकणात ते कोलमडते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. ऑक्टोबरात उघड्या उतारावर चढणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो तो यामुळे. शिवाय दगडाचा स्वभावही पाहिला पाहिजे. सह्याद्रीचा बेसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. कठीण थराचे उभे कडे होतात, मऊ थर झिजून त्यांचा मुरूम होतो आणि वाट या दोहोंतून आलटून पालटून जाते. कातळावर हाताला खोबण सापडते. मुरमाड घसाऱ्यावर हाताला काहीच लागत नाही आणि वाळलेल्या गवताचा बुडखा उपटून हातात येतो. खरी परीक्षा उतरताना असते. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच सगळे वजन पेलतात, लवकर थकतात, आणि नजर पायाऐवजी परतीच्या एसटीकडे लागलेली असते.

गडवाटा सोप्या करा, पायऱ्या बांधा, रेलिंग लावा, ही मागणी महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येते. ती सागरगडाच्या सोंडेपर्यंत यायला वेळ लागणार नाही. माझ्या मते ती आताच नाकारावी. घसाऱ्यात रोवलेला खांब पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत हलू लागतो. खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यावरचे लोखंड किती लवकर खाल्ले जाते, हे अलिबागकराला कुणी सांगायला नको. ज्यावर कुणी भरवसा ठेवत नाही, त्या उतारापेक्षा ज्यावर सगळे भरवशाने रेलतात ते गंजलेले रेलिंग अधिक घातक. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांनी चढ सोपा केला खरा, पण सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापाशीच माणसे खोळंबतात.

यावर पहिला आक्षेप असा की आपल्या पूर्वजांनीच कातळात पायऱ्या खोदल्या. पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्यावरच्या पायऱ्या आजही वापरात आहेत. खरे आहे. पण त्या डोंगराच्याच अंगातून कोरलेल्या. त्या गंजत नाहीत, की कुणाला वर्षावर्षाला त्यांचे नटबोल्ट तपासावे लागत नाहीत. डोलोमाइट पर्वतात लोखंडी तारांच्या वाटा आहेत, हेही कुणी सांगेल; पण त्यांची नित्य देखभाल होते. आपल्याकडे उद्घाटनाला सगळे असतात, देखभालीला कोण? वेल्समधल्या क्रिब गॉखच्या अरुंद धारेवर तर अजूनही रेलिंग नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, भाविकांनी डोंगर चढूच नये काय? जरूर चढावे, आणि अलिबाग तालुक्यात त्याचे उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. कनकेश्वरला 1764 मध्ये राघोजी आंग्र्यांच्या दिवाणाने सातशेहून अधिक पायऱ्या बांधल्या. देवस्थानाला पायऱ्या असाव्यात. सागरगडाचे काम निराळे होते. कुलाबा, खांदेरी, उंदेरीपर्यंतचा समुद्र तिथून न्याहाळता येतो. 1665 च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत तोही होता. शत्रूला चढ अवघड जावा म्हणूनच ती जागा निवडली.

अपघातांचे काय, हा प्रश्न उरतोच. जुलै 2024 मध्ये माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ काढताना एक तरुणी दरीत कोसळून दगावली. तिथे पायऱ्यांनी काय साधले असते? भर पावसात कड्याच्या काठाशी जाणे टाळणे, हाच तिथला उपाय. सागरगडावरही सिद्धेश्वराच्या देवळापर्यंतची मळलेली वाट एक आणि माचीपलीकडे वानरटोकाच्या सुळक्याकडचा कडा दुसरा, हे येणाऱ्याला खाली गावातच सांगितले पाहिजे. वानरटोक हे दोर आणि प्रशिक्षण असलेल्यांचे काम आहे. माचीवरच्या वस्तीतल्या माणसांना कुठली घळ कधी वाहते आणि कुठला दगड सुटा आहे ते ठाऊक असते. सागरगडासाठी कधी निधी आलाच, तर तो लोखंडात घालू नये. खंडाळ्यात नोंदवही ठेवावी, माचीवरच्या तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण आणि रोजगार द्यावा, आणि गावात एक स्ट्रेचर नि चांगला दोर कायमचा असावा.