जवानाचे कागद

हवालदाराचा नायब सुभेदार होताना बढतीच्या मंडळापुढे माणूस उभा राहत नाही, त्याचे कागद जातात. गोपनीय अहवाल, कोर्स, वैद्यकीय श्रेणी, शिक्षा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचं हे दप्तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं. पास केलेला कोर्स चढवायचा राहिला, तर मंडळाच्या लेखी तो झालेलाच नाही! म्हणून सुट्टीवर आलेल्या घरधन्याला, लेकाला विचारा, नोंदी स्वतः पाहिल्यास का? चूक मंडळ बसण्याआधीच युनिटच्या क्लार्ककडून दुरुस्त करून घ्यायची.

लग्न, मुलांचा जन्म हेही ‘पार्ट टू ऑर्डर’ने तिथेच चढतं. आपल्याकडे घरचं नाव एक, शाळेतलं दुसरं. दप्तरात आणि आधारवर वेगळी नावं असली, तर पुढे कुटुंब पेन्शन अडते. तेव्हा आधार, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला त्याच सुट्टीत त्याच्याबरोबर द्या.