बाबलोचा ‘प्रयोग’

या मुलांनो, बसा सप्तकोटेश्वराच्या पायरीवर. आज मेंदूची एक करामत सांगतो.

समजा, आपल्या नार्व्यातल्या एका वर्गात बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘रामाने रावण मारला.’ मग विचारलं, “बाबलो, प्रयोग कोणता?”

बाबलो ताडकन उठला. “दशावतारी, बाई!”

वर्गात हशा पिकला. का बरं?

पेडणे-डिचोलीकडे जत्रा आली की रात्र रात्र दशावतार रंगतो. ‘प्रयोग’ म्हटल्यावर पोरांना तोच आठवणार. बाईंना मात्र व्याकरणातला हवा होता. रावणाच्या जागी त्राटिका घाला बघू. ‘रामाने त्राटिका मारली.’ राम तोच, क्रियापद बदललं! आणखी एक उदाहरण: आपण बसलोय ते हे देऊळ 1668 साली शिवरायांनी नव्याने बांधवलं. ‘देऊळ बांधवलं’, पण ‘भिंत बांधवली’. क्रियापद कर्माच्या मागे चालतं, म्हणून हा कर्मणी प्रयोग.

आता मेंदूकडे वळू. ऐकता ऐकताच तो पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतो. 1980 साली अमेरिकेत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी लोकांच्या डोक्याला तारा जोडून त्यांना वाक्यं वाचायला दिली. पावाला लोण्याऐवजी मोजे लावले, असं काही भलतंच आलं, की सुमारे 400 मिलिसेकंदांत मेंदूच्या विद्युतलहरीत ठळक फरक दिसे. अर्धा सेकंदही नाही!

पण नुसत्या धक्क्याने विनोद होत नाही. बाबलो ‘वांगं’ म्हणाला असता, तर सगळे बुचकळ्यात पडले असते. ‘दशावतारी’ हे उत्तर दुसऱ्या अर्थाने अगदी बरोबर आहे. मेंदू अडखळतो, मागे वळून तो दुसरा अर्थ शोधतो आणि तो चपखल बसला की हसू फुटतं. आपल्याकडे याला श्लेष म्हणतात. शब्द न फोडता दोन अर्थ निघाले तर अभंग, फोडून निघाले तर सभंग. बाबलोचा अभंग.

म्हणजे जो हसला, त्याला दोन्ही प्रयोग ठाऊक होते. म्हणून असं उत्तर देणाऱ्या पोराला दटावू नये. बाईंनीही दटावलं नाही. “शाब्बास! आता व्याकरणातला सांग,” म्हणाल्या, आणि बाबलोने बिनचूक ‘कर्मणी’ सांगितलं.

आता तुमची पाळी. ‘भूतकाळ म्हणजे काय?’ याला बाबलोने ‘अवसेची रात्र’ असं उत्तर दिलं, तर तो श्लेष अभंग की सभंग?