झाड लावायचं, पण कुठं?

सोलापूरकरांना सावलीचं महत्त्व सांगायची गरज नाही. मे महिना पुरेसा आहे. त्यामुळे वृक्षारोपण म्हटलं की आपण हौसेनं खड्डे खणतो, फोटो काढतो, स्टेटस टाकतो. मीही टाकलेत. पण नान्नजला जाऊन आल्यापासून जरा गडबड झालीय.

बार्शी रोडवरचं नान्नज म्हणजे आपलं माळढोक अभयारण्य, १९७९ चं. पहिल्यांदा जाणारा विचारतोच, "जंगल कुठंय?" कारण दिसतो नुसता गवताळ माळ आणि मधूनमधून ग्लिरिसिडियाचे पट्टे. हे पट्टे आपोआप उगवलेले नाहीत. दुष्काळी भागात हिरवाई वाढावी म्हणून जुन्या योजनांमधून ते लावले गेले. हेतू चांगलाच होता. पण माळढोक उघड्या माळावरचा पक्षी, त्याला लांबवरचं दिसायला हवं. शेती, रस्ते, विजेच्या तारांनी त्याचा माळ खाल्लाच, झाडांनीही थोडा खाल्ला.

मग झाडं काढून टाकायची? तर लांडगे दिवसा याच झाडीत विसावतात! वनसंशोधनाची गोची इथंच आहे. एकाचं नुकसान, ते दुसऱ्याचं घर. आणि एका सीझनच्या सर्व्हेत उत्तर मिळत नाही. चांगला पाऊस आणि दुष्काळ, दोन्ही बघितल्याशिवाय गवताबद्दल काय बोलणार? पीएचडी मात्र वेळेत संपवायची असते.

लाकडाच्या धंद्याचंही हेच दुखणं. चांगला साग तयार व्हायला पन्नास-साठ वर्षं लागतात. नव्वदच्या दशकात 'सागात पैसे गुंतवा, वीस वर्षांत लखपती व्हा' छाप स्कीम निघाल्या आणि कित्येकांचे पैसे बुडाले. कोवळ्या सागात टिकाऊ गाभा कमी, बाहेरचं कच्चं लाकूड जास्त. आज लावलेल्या नव्या जातीच्या रोपाचं लाकूड पन्नास वर्षांनी कसं निघेल, ते बघेपर्यंत आजचा फर्स्ट इयरवाला रिटायर झालेला असेल.

२०१९ मध्ये राज्याचं उद्दिष्ट ३३ कोटी झाडांचं होतं. लावलेली झाडं त्याच दिवशी मोजता येतात. जगलेली मोजायला दरवर्षी कुणीतरी उन्हात जावं लागतं.

म्हणून परवा आमच्या बॅचनं लावलेली चाळीस रोपं बघायला गेले. नऊ सापडली. त्यातली सात कडुनिंबाची. बाकीची कुठली होती, हे वॉचमनकाकांना आठवेना, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.