वेताळपंचविशी आणि संवादप्रधान भयखेळ : एक विवेचन

प्रस्तावना :

संगणकावर व भ्रमणध्वनीवर खेळल्या जाणाऱ्या खेळांमध्ये एक लहानसा प्रकार आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परिचयाचा झाला आहे. त्यात धावपळ नसते, शस्त्रे नसतात, चित्रेही बेताचीच असतात. पडद्यावर कोणीतरी बोलते, खाली दोन-तीन उत्तरे दिसतात आणि खेळणाऱ्याने त्यांतील एक निवडावयाचे असते. खेळ थोड्याच वेळात संपतो. भीती मात्र मागे उरते. अध्यापकवर्ग या प्रकाराकडे बहुधा करमणूक म्हणून किंवा परकीय म्हणून पाहतो. वस्तुतः त्याचे मर्म मराठी वाचकास वेताळपंचविशीने फार पूर्वीच ओळखीचे करून दिले आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंतील साम्य व भेद स्पष्ट करून मराठीच्या अध्यापनात या प्रकाराचा कसा उपयोग होऊ शकेल, याचा विचार केला आहे.

वेताळपंचविशीतील नियम :

वेताळाच्या कथा अकराव्या शतकातील काश्मिरी कवी सोमदेव याच्या 'कथासरित्सागर' या ग्रंथात आढळतात. मराठी मुद्रित गद्याच्या आरंभकाळातच, १८३० मध्ये, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' आली. पुढे 'चांदोबा' मासिकाने विक्रम आणि वेताळ ही जोडी घरोघरी पोहोचविली आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवरील 'विक्रम और बेताल' या मालिकेने तिला दृश्यरूप दिले.

या कथांची चौकट स्मशानातील आहे. राजाने झाडावर लटकणारे प्रेत खांद्यावर घेऊन मौन पाळीत योग्याकडे न्यावयाचे असते. प्रेतात वसलेला वेताळ वाटेत कथा सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. उत्तर दिले तर मौन मोडेल आणि वेताळ पुन्हा झाडावर जाईल. म्हणजे बोलले तरी हानी, न बोलले तरी हानी. येथील भय प्रेताच्या रूपात फारसे नाही; ते या नियमात आहे. ज्ञानी माणसाला निवड दिल्यासारखी दिसते, पण दोन्ही वाटा बंद असतात. अखेरच्या कोड्याचे उत्तर राजास सुचत नाही, तेव्हाच तो खरोखर गप्प राहू शकतो. मग प्रसन्न झालेला वेताळ योग्याचा कपटी हेतू त्यास सांगतो. ज्याच्या आज्ञेने हे सारे चालले होते तोच घातक होता, हे शेवटी कळते.

आधुनिक खेळाची घडण :

यंत्राशी संवाद करण्याची कल्पना १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाम यांच्या 'एलायझा' या आज्ञावलीने लोकांसमोर आली. केवळ शब्दांवर चालणारा 'अ‍ॅडव्हेंचर' हा खेळ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाला. जपानमध्ये १९९२ साली 'ओतोगिरीसो' हा खेळ निघाला. त्यात वाचक भयकथा वाचीत जातो आणि ठरावीक जागी पुढील वाट स्वतः निवडतो. २०२३ मधील 'स्ले द प्रिन्सेस' या खेळात एक निवेदक खेळणाऱ्यास तळघरातील राजकन्येला ठार मारण्यास सांगतो. तिचे ऐकावे की निवेदकाचे, हा प्रश्न खेळणाऱ्यापुढे सतत उभा राहतो. आणि शेवट झाला असे वाटते तोच कथा पुन्हा पहिल्या वाटेवर येते. झाडाकडे परतणारा वेताळ आणि संशयास्पद आज्ञा देणारा योगी यांची आठवण येथे मराठी वाचकास झाल्यावाचून राहत नाही.

तथापि एक मूलभूत भेद लक्षात घेतला पाहिजे. वेताळपंचविशीत उत्तर राजा देतो. वाचक क्षणभर थांबून मनात विचार करतो इतकेच. खेळात तो क्षण वाचकाच्या हाती येतो. पुढे जे अनिष्ट घडते त्यास 'मीच हे निवडले' अशी टोचणी जोडली जाते. भयाचे रूपांतर उत्तरदायित्वात होते. हेच या प्रकाराचे वाङ्मयीन वैशिष्ट्य होय.

रचनेची अडचणही येथेच उद्भवते. प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय दिले आणि वाटा कोठेही एकत्र आणल्या नाहीत, तर दहा टप्प्यांनंतर १०२४ शेवट लिहावे लागतील. म्हणून लेखक वाटा पुन्हा जुळवितो आणि आधीची निवड फक्त लक्षात ठेवतो. घटना तीच राहते, बोलणाऱ्याचा स्वर मात्र बदलतो.

मराठीचे विशेष प्रश्न :

असा खेळ मराठीत लिहिताना व्याकरण प्रथम आडवे येते. 'तू आत आलास' की 'तू आत आलीस', हे खेळणारा कोण आहे ते ठाऊक नसताना कसे ठरवावयाचे? उपाय भाषेतच आहेत. 'तू दार उघडलेस' या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे ते स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडते. 'तू येशील' हा भविष्यकाळ आणि 'ये' हे आज्ञार्थी रूपही तसेच आहे. 'तुम्ही आत आलात' या आदरार्थी रूपातही लिंगभेद दिसत नाही.

याच अडचणीतून एक सामर्थ्यही लाभते. आरंभापासून 'तुम्ही' म्हणणारा अनोळखी आवाज एका चुकीच्या उत्तरानंतर एकदम 'तू' म्हणू लागला, तर कोणतेही चित्र न दाखविता अंगावर काटा उभा राहतो. त्यानंतर 'आलीस ना?' असे अचूक रूप त्याने वापरले, तर आपल्याला कोणीतरी ओळखते ही जाणीव होते. इंग्रजीतील एकाच 'यू'ला हे साधणारे नाही.

मोहाडी परिसरातील विद्यार्थ्यांजवळ याहून अधिक साधन आहे. झाडीबोलीत 'ण' व 'ळ' हे वर्ण नाहीत. 'पाणी' येथे 'पानी' होते. प्रमाण मराठीत बोलणारे पात्र मध्येच घरच्या बोलीत बोलू लागले, तर त्या जवळिकीने दिलासा मिळेल की धास्ती वाटेल, हे लेखकाने ठरवावयाचे आहे. मंडईच्या दिवसांत रात्र-रात्र नाटके पाहणाऱ्या या भागातील मुलांना संवादाची जाण वेगळी शिकवावी लागत नाही.

समारोप :

मराठी विभागाने एखाद्या सत्रात विद्यार्थ्यांकडून दहा परिच्छेदांचा असा संवाद लिहून घ्यावा. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही; २००९ पासून उपलब्ध असलेले 'ट्वाइन' हे साधन विनामूल्य आहे आणि पहिला आराखडा तर कागदाच्या चिठ्ठ्यांवरही होतो. सर्वनाम, प्रयोग, काळ व बोली यांचा अभ्यास येथे पाठांतराशिवाय घडतो. भयविषयक लेखन कोणावर लादू नये, ही दक्षता मात्र घ्यावी.

विद्यार्थी हे खेळ खेळत आहेतच. प्रश्न इतकाच आहे की ते कायम दुसऱ्याच्या भाषेतील उत्तरे निवडणार की आपल्या भाषेत प्रश्न विचारणार. उत्तर ठाऊक असून अध्यापकाने मौन पाळणे योग्य ठरणार नाही.