आज्ञावलीचे कप्पे

मोठ्या आज्ञावलीतील हजारो फायली कोणत्या डिरेक्टरीत ठेवायच्या, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटेल. ग्रंथपालांना मात्र तो तसा वाटणार नाही. एका पुस्तकाची कार्डे दोन-तीन विषयांखाली लावता येतात. पुस्तक राहते एकाच फडताळात. फायलीचेही तेच. तिची जागा ठरविणे म्हणजे ती मुळात कशाची आहे, हे ठरविणे होय. लिनक्स या प्रणालीच्या इतिहासावरून मी हे स्पष्ट करू इच्छितो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. तिच्यातही स्मृतीचे व्यवस्थापन ‘एमएम’मध्ये, फायलींची व्यवस्था ‘एफएस’मध्ये, असे कप्पे होते. परंतु सारी रचना इंटेलच्या ३८६ या एकाच प्रोसेसरला बांधलेली असल्याने त्याच्या खास आज्ञा ठिकठिकाणी विखुरल्या होत्या. पुढे अल्फासारखे निराळे प्रोसेसर आले, तेव्हा हे भागेना. १९९५ च्या १.२ या आवृत्तीत ‘आर्च’ नावाची डिरेक्टरी दिसते. प्रोसेसरागणिक बदलणारे ते तिच्या पोटात, समाईक ते बाहेर. नव्या प्रोसेसरासाठी काय लिहायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे या एका रेषेने कळू लागले.

रेषा भलत्या जागी ओढली तर काय होते, तेही येथेच पाहावयास मिळाले. ३८६ च्या कुळातील ६४ बिटांच्या प्रोसेसरांसाठी स्वतंत्र डिरेक्टरी केली गेली. दोहोंतील पुष्कळशी आज्ञावली सारखीच. त्यामुळे एकीतील दोष दुरुस्त व्हावा आणि दुसरीत तो तसाच राहावा, असे होऊ लागले. थॉमस ग्लाइक्सनर व इंगो मोल्नार यांनी २००७ मध्ये दोन्ही एकत्र आणल्या. त्यांची रीत मला फार शहाणपणाची वाटते. प्रथम त्यांनी फायली नुसत्या एका छताखाली हलविल्या, नावांअखेर ३२ व ६४ हे आकडे जोडले, आणि मग एकेक जोडी सावकाश जुळवीत नेली. जागा व मजकूर एकाच वेळी बदलले असते, तर बिघाड कशाने झाला हे शोधणे दुरापास्त झाले असते.

२००८ च्या अखेरीस ‘ड्रायव्हर्स’ या डिरेक्टरीत ‘स्टेजिंग’ हा आणखी एक कप्पा निघाला. अपेक्षित दर्जा न गाठलेली आज्ञावली तेथे ठेवतात. काय सुधारायचे राहिले, याची यादी सोबत असते. सुधारली की ती आपल्या जागी जाते. कोणीच लक्ष घातले नाही, तर काढून टाकली जाते.