आधी रान सांग

लोह्याचे माझे मामा दरवर्षी माळेगावच्या यात्रेला जातात. आधी खंडोबाचं दर्शन, मग जनावरांचा बाजार. घोडा असो की बैल, त्यांची नजर पहिल्यांदा खुरांवर जाते. दात, छाती, खांदा सगळं त्यानंतर. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना मोबाइलवर रिमोटच्या बग्ग्यांचे फोटो दाखवत होतो. पंधरा वर्षांनी हा छंद पुन्हा धरायचं ठरवलं होतं आणि चार गाड्यांमध्ये निवड होत नव्हती. एकीच्या खोक्यावर ताशी ६० किलोमीटर, दुसरीच्या खोक्यावर ८०. मामांनी फोटो शांतपणे पाहिले आणि विचारलं, "चालवणार कुठं? काळ्या रानात का मुरमाडात? आधी रान सांग, मंग जनावर बघू."

खोक्यावर वेग छापलेला असतो, जमीन छापलेली नसते. छंदाकडे परतणाऱ्या माणसाने मात्र सुरुवात जमिनीपासूनच करावी, हे मला आता पुरतं पटलं आहे. त्याची काही कारणं भौतिकशास्त्रात आहेत आणि काही आपल्या पायाखालच्या खडकात.

नांदेड-लातूरकडे बग्गी म्हटलं की वरातीची घोडागाडी डोळ्यांपुढे येते. इथे सांगतो आहे ती बग्गी म्हणजे उघड्या चाकांची, लांब दांड्यांच्या सस्पेन्शनची, खडबडीत जमिनीवर पळणारी गाडी. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर वाळूत पळणाऱ्या अशा गाड्या बांधल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशीच खरीखुरी, माणूस बसवणारी बग्गी बांधून 'बाहा' स्पर्धेसाठी इंदूरजवळच्या पिथमपूरला नेतात. छंदातली बग्गी बहुधा त्याच जातीच्या गाडीची एक-दशांश प्रतिकृती असते. लांबी साधारण ४० सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आसपास. जपानच्या तामिया कंपनीची 'ग्रासहॉपर' आणि अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीची 'आरसी-१०' या दोन्ही बग्ग्या १९८४च्या. पहिलीने घरोघरच्या मुलांना छंद लावला. दुसरीने तेलाचे शॉकअप आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देऊन शर्यतीच्या बग्गीचा साचा ठरवला.

माळ्यावरचं खोकं

परतणाऱ्याकडे बहुतेकदा माळ्यावर एक जुनं खोकं असतं. त्यातल्या तीन गोष्टी आता जगात बदलून गेल्या आहेत.

पहिली म्हणजे रेडिओ. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींवर छोटी बोट चालवून दाखवली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. पण जुने रिमोट २७ मेगाहर्ट्झवर चालत. त्या लहरीची लांबी ११ मीटर भरते, म्हणून अँटेना ओढून लांब करावी लागे. शेजारच्या मुलाकडे त्याच क्रिस्टलचा रिमोट असला की दोन्ही गाड्या वेड्यावाकड्या पळत. आजचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. लहर फक्त साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून अँटेना बोटभर पुरते. हा पट्टा कमी शक्तीच्या वापरासाठी भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. शिवाय अनेक रिमोट एका सेकंदात कित्येकदा वारंवारता बदलत राहतात, त्यामुळे एकाच मैदानावर दहा गाड्या चालल्या तरी कोणी कोणाच्या मध्ये येत नाही. वारंवारतेच्या या उड्यांचं एक पेटंट हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या नावावर १९४२ मध्ये नोंदलं गेलं. शत्रूला पाणतीराचा रेडिओ बिघडवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. एवढं मात्र लक्षात ठेवावं की या लहरी पाण्यात शोषल्या जातात. हिरव्या उसाच्या फडाआड गाडी गेली की संपर्क तुटू शकतो.

दुसरा बदल बॅटरीत. जुन्या निकेल-कॅडमियमच्या एका सेलला १.२ व्होल्ट मिळत, सहा सेल जोडून ७.२ व्होल्ट. आजचा लिथियम पॉलिमरचा एक सेल ३.७ व्होल्टचा असतो, दोन सेलमध्येच ७.४ होतात आणि त्याच वजनात साठणारी ऊर्जा तिपटीच्या घरात जाते. पण हा सेल लाडाचा आहे. तो ३ व्होल्टच्या खाली उतरला की कायमचा खराब होतो. मोटारीला वीज मोजून देणारे नवे स्पीड कंट्रोलर त्याआधीच गाडी थांबवतात. जुन्या कंट्रोलरला ती जाण नाही. म्हणून माळ्यावरच्या गाडीत नवी बॅटरी घालण्याचा मोह आवरावा.

तिसरा बदल मोटारीत. जुन्या मोटारीत कार्बनचे ब्रश घासून तारेच्या गुंडाळीपर्यंत वीज पोचवत. नव्या ब्रशलेस मोटारीत गुंडाळ्या जागच्या जागी असतात, चुंबक फिरतं आणि कोणत्या गुंडाळीत वीज कधी सोडायची हे कंट्रोलर ठरवतो. घासणारं काही उरलं नाही, म्हणून झीज कमी आणि ताकद जास्त.

चुंबकाला चिकटलेली माती

आता मामांच्या प्रश्नाकडे. एक जुनं चुंबक घ्या, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि गोदावरीच्या कोरड्या वाळूतून किंवा शेताच्या धुळीतून फिरवा. मी हे विष्णुपुरीच्या खालच्या बाजूला नदीकाठी केलं. क्षणात चुंबकाला काळ्या, बारीक कणांची दाढी फुटली. पिशवी उलटी केली की दाढी गळून पडली, पुन्हा फिरवली की पुन्हा फुटली. हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या चुंबकीय खनिजाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यातून आपला काळा पाषाण झाला. तो झिजून माती झाली, पण त्यातलं हे खनिज तसंच राहिलं.

बग्गीच्या मोटारीत शक्तिशाली चुंबक असतं. मोटारीला भोकं असतील तर गाडी पळताना उडणारे हे कण आत जातात, चुंबकाला धरून बसतात आणि फिरणाऱ्या भागाला कानशीसारखे घासत राहतात. परदेशातल्या गवताळ किंवा गालिचा अंथरलेल्या ट्रॅकवर हा प्रश्न फारसा येत नाही. आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात येतो. म्हणून नांदेड-लातूरच्या माणसाने मोटार चहूबाजूंनी बंद कवचाची घ्यावी, बेअरिंग रबरी झाकणाची घ्यावी आणि गिअरच्या डब्याला फट नाही ना, हे बोट फिरवून बघावं.

काळ्या मातीचा दुसरा गुण पावसात कळतो. तिच्यातल्या चिकणमातीचे कण कागदाच्या गठ्ठ्यासारखे थरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात, वाळलं की आकसतात. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा आणि पावसाळ्यात पायाला किलोभर चिकटणारा चिखल या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. दीड किलोच्या गाडीच्या चाकांना अर्धा किलो चिखल लागला तर मोटार तापते आणि गिअरचे दाते तुटतात. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं ते पाण्यापुरतं खरं. चिखलाचा भार त्यात मोजलेला नसतो.

आणि नांगरट? एक-दशांश बग्गीचं चाक साधारण साडेआठ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे त्रिज्या सव्वाचार. त्रिज्येपेक्षा उंच अडथळा चाकाला भिंतीसारखा असतो, कारण पुढे सरकण्याचा जोर वर चढण्याच्या कामी येत नाही. मुठीएवढं ढेकूळ तिला पुरेसं आहे. नांगरलेल्या रानातच गाडी फिरवायची असेल तर बग्गीऐवजी मोठ्या चाकांचा ट्रक घ्यावा. बग्गीला हवी ती मुरमाची दाबलेली जमीन. शाळेचं मैदान, लेआउट पाडलेला मोकळा प्लॉट, सुगी झाल्यावरचं खळं. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट वर येतो, तिथली भरड माती चिखल कमी धरते, पण टायर लवकर खाते.

सहा मीटरवरून पडणारी गाडी

वेगाचा हिशेब घरी करता येतो. मोटारीवर ३३०० केव्ही लिहिलं असेल तर ते किलोव्होल्ट नव्हेत, दर व्होल्टला मिनिटाचे ३३०० फेरे. ७.४ व्होल्टला झाले २४,४२०. गिअरने ते नऊपट कमी केले तर चाकाला २७१३ फेरे. चाकाचा परीघ २६.७ सेंटिमीटर. गुणाकार केला की ताशी साधारण ४३ किलोमीटर. घर्षण आणि वाऱ्यात थोडं जाईल, ४० धरा.

ताशी ४० किलोमीटरने गाडी दगडावर आदळणं म्हणजे तिला ६.३ मीटरवरून, दोन मजली घराच्या गच्चीवरून खाली सोडणं. ताशी २० ने आदळली तर ती उंची दीड मीटरच. वेग दुप्पट, मार चौपट. ८० चा हिशेब वाचकांनीच करावा आणि मग मैदानाच्या कडेला खेळणाऱ्या पोरांकडे बघावं. परतणाऱ्या हाताला ४० पुष्कळ आहे.

मापाचंही असंच. एक-अष्टमांश बग्गी एक-दशांशपेक्षा लांबीला फक्त सव्वापट, पण वजन लांबीच्या घनाने वाढतं, म्हणून जवळजवळ दुप्पट. ती दणकट असते, खड्डे गिळते, पण तिला मैदानही मोठं लागतं आणि धडकेचा मारही दुप्पट बसतो.

मोडणं मात्र कोणाला चुकत नाही, म्हणून सुटे भाग मिळतात का हे आधी विचारावं. सर्वांत जास्त मोडते ती पुढच्या सस्पेन्शनची नायलॉनची दांडी. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. तेव्हा ज्या गाडीची दांडी, पिनियन आणि अ‍ॅक्सल पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या दुकानात सहज मिळतात ती गाडी, दिसायला दुय्यम असली तरी, पहिली.

दोन चाकांची ओढ

मागच्या दोन चाकांना ताकद देणारी बग्गी घ्यावी की चारही चाकांना? मुरमाच्या सुट्या खड्यांवर चार चाकं जास्त धरतात. पण दोन चाकांच्या गाडीत गिअर, डिफरन्शिअल आणि दांडे निम्मे असतात, म्हणजे धूळ जायच्या जागाही निम्म्या. शिवाय ती बोटाला शिस्त लावते. वळणावर रिमोटचा ट्रिगर जोरात ओढला की शेपूट फिरते, हळू सोडत नेला की गाडी रेषेत राहते.

हा हळूपणाच खेळणं आणि छंदाची गाडी यांतला खरा फरक आहे. स्वस्त खेळण्याला फक्त चालू आणि बंद कळतं. छंदाच्या गाडीत चाकं वळवणाऱ्या सर्व्होला दर सेकंदाला साधारण पन्नास ठोके पोचतात. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर चाक सरळ, एकचा असला तर एका टोकाला, दोनचा असला तर दुसऱ्या. मधल्या प्रत्येक मापाला चाकाची वेगळी जागा.

या बारकाव्याचा खरा आनंद गाडी हवेत असते तेव्हा मिळतो. उंचवट्यावरून उडालेल्या बग्गीचं नाक वर जात असेल तर ब्रेक दाबायचा. फिरणाऱ्या चाकांचा कोनीय संवेग नाहीसा होत नाही, तो सांगाड्यात उतरतो आणि नाक खाली येतं. नाक जास्त खाली गेलं तर ट्रिगर ओढायचा, चाकं वेग घेतात आणि सांगाडा उलट दिशेने वळून नाक उचलतो. जमिनीचा आधार नसताना, अर्ध्या सेकंदात, बोटाच्या टोकाने न्यूटन हाताळता येतो. अकरावीच्या वर्गात हे तत्त्व मुलांना जड जातं. मैदानावर तेच मूल दोन संध्याकाळींत शिकतं.

मे महिन्याचं ऊन

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. लिथियमचे सेल चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा ४५ अंशांची असते. म्हणजे दुपारी पत्र्याखाली चार्ज करायला बसलं तर हातात दोन-तीन अंशच उरतात. गाडी चालवून आल्यावर तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावली तर तेही उरत नाहीत. आतला द्रव विघटन पावतो, वायू तयार होतो आणि सेल फुगतो. जुन्या मोबाइलची पाठ फुगलेली सगळ्यांनी पाहिली आहे, प्रकार तोच. चार्जिंग पहाटे किंवा रात्री, फरशीवर, डोळ्यांसमोर करावं. शेजारी कोरड्या वाळूची बादली असावी. बॅटरी भरून ठेवू नये. आठवडाभर गाडी काढायची नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा. हे काम चांगला चार्जर आपण होऊन करतो, म्हणून गाडीत थोडं कमी करून चार्जरवर खर्च करणं शहाणपणाचं.

उन्हात शॉकअपचं तेलही पातळ होतं. सिलिकॉनचं तेल इतर तेलांपेक्षा कमी बदलतं, तरी हिवाळ्यात नीट बसणारी गाडी मे महिन्यात चेंडूसारखी उसळते. उन्हाळ्यासाठी एक दर्जा घट्ट तेल भरावं.

हा सगळा विचार करून मी एक-दशांश मापाची, मागच्या दोन चाकांवर चालणारी, बंद कवचाच्या ब्रशलेस मोटारीची, दोन सेलची बग्गी घेतली. सोबत पुढच्या दांड्यांच्या दोन जोड्या आणि मुरमासाठी आखूड दात्यांचे टायर. चैत्रात मामा नांदेडला आले तेव्हा संध्याकाळी त्यांना मैदानावर नेलं. गाडी पळताना ते काही बोलले नाहीत. थांबल्यावर उकिडवे बसले, तिला हातात घेऊन उलटी केली, एकेक चाक अंगठ्याने फिरवून पाहिलं आणि टायरच्या दात्यांतला मुरूम नखाने काढला.

"पाय चांगलेत," म्हणाले.