अरेबियन नाइट्स (मॅजिक: द गॅदरिंग)

'अरेबियन नाइट्स' हा 'मॅजिक: द गॅदरिंग' या कल्पनारम्य पत्तेखेळाचा पहिला विस्तारसंच होय. अमेरिकेतील 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो डिसेंबर १९९३ मध्ये प्रकाशित केला. खेळाचे जनक, गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनीच त्याची रचना केली. संचात ७८ निरनिराळे पत्ते असून त्यांची नावे व कल्पना मुख्यत्वे 'एक हजार एक रात्री' या अरबी कथासंग्रहातून घेतलेल्या आहेत. नवे पत्ते जुन्या पत्त्यांत मिसळून खेळावेत की वेगळे ठेवावेत, हा प्रश्न या संचामुळे प्रथम उभा राहिला. त्यावर जो निर्णय झाला, त्याच्यावर या खेळाची पुढील सारी वाटचाल आधारलेली आहे.

पार्श्वभूमी

नेहमीच्या पत्त्यांच्या खेळात ५२ पत्त्यांचा एकच कॅट सर्वांमध्ये वाटला जातो. मॅजिकमध्ये प्रत्येक खेळाडू आपल्या संग्रहातील पत्ते निवडून स्वतःचा कॅट रचतो. हे पत्ते पाकिटांतून विकले जातात आणि पाकिटात कोणते पत्ते निघतील हे आधी ठाऊक नसते. खेळाडू हा जादूगार आहे, अशी कल्पना असते. 'भूमी' प्रकारच्या पत्त्यांपासून त्याला 'माना' नावाची जादूची शक्ती मिळते. ती खर्च करून तो प्राणी बोलावतो किंवा मंत्र टाकतो आणि प्रतिस्पर्ध्याचे २० जीवनगुण शून्यावर आणण्याचा प्रयत्न करतो.

ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आलेला मूळ संच अपेक्षेपेक्षा फार लवकर संपला. खेळाडूंची मागणी वाढत असल्याने नवे पत्ते तातडीने तयार करणे कंपनीला भाग पडले.

कल्पना व स्रोत

या संचाची प्रेरणा गारफील्ड यांना एका चित्रकथेतून मिळाली. नील गेमन यांच्या 'सँडमॅन' या मालिकेचा ५० वा अंक 'रमदान' याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. खलिफा हारून अल रशीद आपले वैभवशाली बगदाद स्वप्नांच्या अधिपतीच्या स्वाधीन करतो आणि ते नगर एका बाटलीत अक्षय राहते, असे तिचे कथानक आहे. संचातील 'सिटी इन अ बॉटल' या पत्त्यावर तिची छाप स्पष्ट दिसते.

अल्लाउद्दीन, अलीबाबा, सिंदबाद, उडता गालिचा, आबनुसी घोडा, पितळी नगर इत्यादी परिचित पात्रे व वस्तू संचात आढळतात. अल्लाउद्दीन व अलीबाबा यांच्या कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हत्या. अठराव्या शतकात फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालां यांनी त्या संग्रहात समाविष्ट केल्या. 'सेरेंदीब इफ्रीत' या पत्त्याच्या नावातील सेरेंदीब म्हणजे श्रीलंका. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय, पिरॅमिड यांसारखे काही विषय मात्र कथासंग्रहाबाहेरचे आहेत. मराठी वाचकांना या कथांचा परिचय एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी हाती घेतलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या भाषांतराने झाला.

पत्त्यांच्या पाठीचा प्रश्न

नव्या पत्त्यांची पाठ वेगळ्या रंगाची असावी, अशी मूळ योजना होती. ज्यांना नवे पत्ते नको असतील त्यांना ते सहज बाजूला काढता यावेत, हा त्यामागील हेतू होता. तथापि पत्ते पिसून पालथे ठेवल्यावर त्यांची पाठ दिसते. ती वेगळी असेल, तर वरचा पत्ता कोणत्या संचातील आहे हे उचलण्यापूर्वीच समजते आणि खेळातील अनिश्चितता नष्ट होते. त्यामुळे दोन्ही प्रकारचे पत्ते एका कॅटमध्ये वापरणे व्यवहारात अशक्य झाले असते. प्रत्येक विस्तारसंच हा एक स्वतंत्र खेळ बनला असता.

मुद्रणापूर्वी अगदी अखेरच्या टप्प्यात ही योजना रद्द झाली आणि पाठ पूर्वीसारखीच ठेवण्यात आली. संच ओळखण्यासाठी पत्त्याच्या दर्शनी बाजूवर वक्र तलवारीचे छोटे चिन्ह छापले गेले. संचाचे स्वतंत्र चिन्ह छापण्याची प्रथा येथूनच सुरू झाली.

नवे पत्ते नको असलेल्या खेळाडूंचा विचार मात्र पूर्णपणे सोडण्यात आला नाही. 'सिटी इन अ बॉटल' हा पत्ता खेळात असेपर्यंत अरेबियन नाइट्समधील इतर पत्ते खेळता येत नाहीत आणि मांडलेले पत्तेही बाद होतात. पाठीच्या रंगाने जे साधायचे होते, त्याचा काही अंश अशा रीतीने एका पत्त्याच्या नियमातून साधण्यात आला.

मुद्रण व वितरण

संच आठ पत्त्यांच्या पाकिटांतून विकला गेला. एकूण सुमारे ५० लाख पत्ते छापले गेल्याचे मानले जाते. काही पत्ते मुद्रणातील बारीक फरकांमुळे दोन रूपांत आढळतात. ही रूपे धरल्यास संख्या ९२ होते. मूळ संचातील पाच साध्या भूमींपैकी 'माउंटन' हा एकच पत्ता या संचात चुकून राहून गेला.

खेळातील वैशिष्ट्ये

मूळ संचातील भूमी केवळ माना पुरवीत असत. याखेरीज अन्य क्षमता असलेल्या भूमी प्रथम या संचात आल्या. 'लायब्ररी ऑफ अलेक्झांड्रिया' ही भूमी हातात नेमके सात पत्ते असताना आणखी एक पत्ता उचलू देते. 'सिटी ऑफ ब्रास' कोणत्याही रंगाचा माना देते; परंतु प्रत्येक वापरागणिक खेळाडूचा एक जीवनगुण कमी होतो.

कथेचा आशय नियमांत उतरवण्याचा प्रयत्न हे संचाचे विशेष लक्षण आहे. 'बॉटल ऑफ सुलेमान' वापरताना नाणेफेक करावी लागते. ती जिंकल्यास बलाढ्य जिन्न सेवेस येतो. हरल्यास खेळाडूलाच पाच गुणांची इजा होते. बाटलीतून सुटलेला जिन्न कोळ्याच्याच जिवावर उठतो, ही मूळ कथेतील भीती येथे नाणेफेकीत आली आहे. 'शहरजाद' या पत्त्यामुळे चालू डाव थांबवून उरलेल्या पत्त्यांनी दुसरा डाव खेळावा लागतो. त्यात हरणारा मुख्य डावातील निम्मे जीवनगुण गमावतो. कथेत कथा गुंफणाऱ्या निवेदिकेला साजेशी अशी ही डावातील डावाची कल्पना आहे. मात्र त्यामुळे सामने अतिशय लांबत असल्याने अधिकृत स्पर्धांत या पत्त्याला बंदी आहे.

टीका व वाद

आपल्या सांस्कृतिक व धार्मिक परंपरांचा वापर खेळाच्या नावांत व्हावा का, हा प्रश्न या संचाबाबत नंतर उपस्थित झाला. 'आर्मी ऑफ अल्लाह', 'जिहाद' अशी नावे श्रद्धेशी थेट निगडित आहेत. जून २०२० मध्ये कंपनीने वर्णद्वेषी अथवा सांस्कृतिकदृष्ट्या आक्षेपार्ह ठरवून एकूण सात जुन्या पत्त्यांची चित्रे आपल्या अधिकृत सूचीतून काढली व अधिकृत स्पर्धांत त्यांना बंदी केली. त्यांपैकी 'जिहाद' आणि 'स्टोन-थ्रोइंग डेव्हिल्स' हे दोन पत्ते या संचातील होते.

दुसरा वाद दुर्मिळतेचा आहे. १९९५ मधील 'क्रॉनिकल्स' या संचात जुने पत्ते पुन्हा छापल्याने संग्राहक नाराज झाले. त्यानंतर १९९६ मध्ये कंपनीने काही पत्ते पुन्हा न छापण्याचे वचन देऊन 'राखीव यादी' जाहीर केली. 'लायब्ररी ऑफ अलेक्झांड्रिया', 'बझार ऑफ बगदाद' व 'जुझाम जिन्न' हे पत्ते तीत आहेत. परिणामी त्यांच्या किमती सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर गेल्या. संग्राहकाला दिलेले आश्वासन आणि खेळाडूची गरज यांतील हा विरोध अद्याप मिटलेला नाही.

महत्त्व

मार्च १९९४ मधील 'अँटिक्विटीज' या पुढील संचात कंपनीने स्वतःच्या कल्पित विश्वातील कथानक घेतले. बाह्य साहित्यावर आधारलेले संच नंतर दीर्घकाळ अपवादात्मक राहिले. १९९९ मधील 'पोर्टल थ्री किंग्डम्स' हा चिनी अभिजात कादंबरीवर आधारित संच त्यांपैकी एक होय.

अरेबियन नाइट्सचे स्थायी महत्त्व मात्र त्याच्या कथाविषयापेक्षा पत्त्यांच्या पाठीविषयीच्या निर्णयात आहे. पाठ एकच राहिल्यामुळे जुने व नवे पत्ते एकत्र पिसता येतात. १९९३ मधला पत्ता तीस वर्षांनंतर छापलेल्या पत्त्याशेजारी त्याच कॅटमध्ये ठेवता येतो, तो याच कारणाने.